जोडप्यांसाठीचं बेट

४ जानेवारी २०२६, रविवार
सासूबाई आल्या. विमान चाळीस मिनिटं उशिरा. व्हीलचेअर सांगितली होती, ती मिळाली. दोन बॅगा. एकीत कपडे, दुसरीत भाजणी, चटण्या आणि काळा मसाला. एअरपोर्टहून ब्लँचर्डस्टाउनला घरी यायला पंचवीस मिनिटं लागली. पाऊस.

आमची मुलगी मुक्ता गॉलवेहून आली होती. तिने आजीला मिठी मारली, दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मी ट्रॉली धरली होती. संध्याकाळी ती परत गेली, उद्या तिचं ऑफिस आहे.

मेधाला जाऊन आज बावन्न दिवस झाले. सासूबाईंचा आयर्लंडचा व्हिसा यायला त्यातले बरेच गेले, त्यामुळे त्यांना अंत्यविधीला येता आलं नाही. मुक्ताने त्यांना फोनवरून दाखवलं होतं, पण मध्येच रेंज गेली.

डॉक्टरांनी झोपेसाठी रोज चार ओळी लिहायला सांगितलं आहे. मला सवय नाही. जे होईल ते लिहीन.

९ जानेवारी
घरून काम केलं. सासूबाई आणि मी एका घरात दोघंच असण्याची सव्वीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. आधी मध्ये मेधा असायची. मी खोलीत गेलो की त्या खुर्चीवरून उठतात आणि डोक्यावरचा पदर सारखा करतात. मी "बसा" म्हणतो. त्या "व्हय" म्हणतात आणि उभ्याच राहतात. माझं जेवण झाल्याशिवाय जेवत नाहीत. त्यामुळे मी लवकर जेवतो आणि त्यांच्यासाठी खोलीतून निघून जातो.

आज भांडी पुसताना त्यांनी विचारलं, "जावईबापू, त्या दिशी पाऊस व्हता का वो?"

मी म्हटलं, "कुठल्या दिवशी?"

"न्हाई, असंच."

मी सांगितलं की इथे हिवाळ्यात बहुतेक रोजच पाऊस असतो. कराडच्या मानाने एकूण पाऊस फार नाही, पण दिवस जास्त. त्यांनी ऐकून घेतलं.

१८ जानेवारी
फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद आहे, तो सासूबाईंनी आज काढून आणला. बार्बेडोसचं बुकिंग. १४ ते २१ मार्च, समुद्रकाठचं रिसॉर्ट, फक्त जोडप्यांसाठी. मेधाने सप्टेंबरमध्ये केलं होतं. लग्नानंतर आम्ही सहलीला म्हणून गेलो ते नेहमी कोणाकडे तरी उतरलो. तिला एकदा कोणाकडेही न उतरता जायचं होतं.

"ह्यो कसला कागद म्हनायचा?"

मी सांगितलं.

"दोघं जानार व्हता?"

"हो."

"मग जावा की."

"एकटं कसं जाणार?" मी म्हटलं. माझ्या मते विषय तिथे संपला.

त्यांनी कागद परत फ्रिजवर लावला, चुंबक नीट दाबलं आणि म्हणाल्या, "मग मी यीन की सोबत."

मेधाने फोनवर त्यांना तिथल्या पाण्याबद्दल सांगितलं असणार. मुलीने पसंत केलेली जागा बघावी असं आईला वाटणारच. मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर मला जायचं नाही.

२४ जानेवारी
प्रवास कंपनीच्या साइटवर दोन पर्याय आहेत. बुकिंग रद्द करायचं तर कारण लिहावं लागतं आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. प्रवाशाचं नाव बदलायचं तर फक्त नवीन नाव आणि पासपोर्ट नंबर. कारणाचा रकाना नाही. मी नाव बदललं. तीन मिनिटांत झालं.

बार्बेडोसला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हे तीन ठिकाणी तपासलं. विमान अ‍ॅमस्टरडॅमला बदलायचं आहे, तेही तपासलं.

मुक्ताला फोन केला. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "डॅड, तू आजीला कपल्स रिसॉर्टला नेतोयस? दॅट्स गॅस." गॅस म्हणजे इथे मजेशीर. मला त्यात तसं काही दिसलं नाही.

३ फेब्रुवारी
रिसॉर्टने एक फॉर्म पाठवला. त्यांना अजून पत्ता मेधाचाच माहीत आहे, म्हणून तो तिच्या ईमेलवर आला. सुरुवात "मिस्टर अँड मिसेस" अशी. मी दुरुस्त केलं नाही.

काय साजरं करत आहात: हनिमून, लग्नाचा वाढदिवस, लग्नाच्या शपथांचं नूतनीकरण, इतर. मी "इतर" वर खूण केली.

पलंग: सर्व खोल्यांत एकच मोठा पलंग. मी दोन वेगळे मिळतील का म्हणून विचारलं. उत्तर आलं की व्हरांड्यात समुद्राकडे तोंड करून एक दिवाण आहे, जोडप्यांना तो फार आवडतो. मी तिथे झोपेन.

दोघांचा एकत्र मसाज पॅकेजमध्ये आहे, काढता येत नाही. हे सासूबाईंना कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. आहार शाकाहारी लिहिला.

८ फेब्रुवारी
वर्ष झालेलं नाही. सासूबाई इतक्या कडक आहेत की संक्रांतीलाही तिळगूळ केला नाही. पण सहलीबद्दल त्यांनी हरकत घेतलेली नाही. यावरून त्यांची इच्छा किती आहे ते कळतं.

दुपारी त्या संजीवशी, म्हणजे मेधाच्या भावाशी, फोनवर बोलत होत्या. "आता मनात हाय त्यांच्या तर जावं लागंल बाबा. काय करनार." कोणाच्या मनात ते मला कळलं नाही. मेधाच्या, असं वाटतं.

१३ फेब्रुवारी
तीन महिने झाले. शेजारची ब्रीडा मास कार्ड घेऊन आली. म्हणजे तिच्या चर्चमध्ये मेधाच्या नावाने प्रार्थना होणार. नोव्हेंबरमध्ये घरात आलेल्या सगळ्यांना सँडविचेस तिनेच दिली होती. मी कोणालाही बोलावलं नव्हतं, पण चाळीसेक लोक आले.

सासूबाई आणि ब्रीडा अर्धा तास शेजारी बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. ब्रीडा त्यांच्या हातावर थोपटत "यू आर ग्रँड" म्हणत होती. मग सासूबाईंनी बोटाने घरभर गोल करून हाताने काहीतरी विचारलं. ब्रीडाने माझ्याकडे पाहिलं आणि सोफ्याकडे बोट केलं. मला एक ईमेल करायचं होतं म्हणून मी वर गेलो.

खाली आलो तेव्हा ब्रीडा गेली होती. सासूबाई सोफ्याच्या हातावरून हात फिरवत होत्या. धूळ असावी. संध्याकाळी मी सगळा सोफा व्हॅक्यूम केला.

२२ फेब्रुवारी
सासूबाईंना शॉपिंग सेंटरला नेलं. उन्हाळी चपला घेतल्या. इथे फेब्रुवारीत मिळत नाहीत, एका दुकानात मागच्या वर्षीच्या उरलेल्या होत्या. चपला घालून बघताना त्या म्हणाल्या, "इमान पान्यावरनं जातं का?"

मी म्हटलं, "अ‍ॅमस्टरडॅमनंतर आठ-नऊ तास पाण्यावरूनच."

"आठ-नऊ."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. चपला एक नंबर मोठ्या घेतल्या. पाय सुजतात.

येताना गाडीत विचारलं, "घरी कोन व्हतं तवा?"

मी विचारलं केव्हा. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "मोठं हाय दुकान."

६ मार्च, शुक्रवार
माझ्याकडून चूक झाली आहे. 

चेक-इनची माहिती भरायला सासूबाईंचा पासपोर्ट घेतला. आयर्लंडच्या व्हिसावर प्रवेश किती वेळा, तिथे लिहिलं आहे: एकदा. म्हणजे त्या इथून बाहेर पडल्या की परत येऊ शकत नाहीत. मी जाण्याचा मार्ग तीन वेळा तपासला, येण्याचा एकदाही नाही. वीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो की परतीची वाट तपासा.

खाली जाऊन सांगितलं. "आई, तुम्हाला बार्बेडोसला नेता येणार नाही. गेलात तर तिथूनच परस्पर कराडला जावं लागेल."

"म्हंजी जाता येत न्हाई?"

"नाही. माफ करा."

त्या खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच. थोड्या वेळाने उठून थालीपीठं लावली आणि मी जेवत असतानाच स्वतः दोन खाल्ली, लोणी घेऊन. दुःख झालं असावं. माणसं दुःखात जास्त खातात असं वाचलं आहे.

७ मार्च
बुकिंगची तारीख ऑक्टोबरमध्ये ढकलली. तारीख बदलायलाही कारण लागत नाही.

सासूबाईंचा हिरमोड झाला याचं वाईट वाटतं. ३० तारखेला त्या परत जाणार. सुट्टी घेतलेलीच आहे. मुक्ताला विचारलं, ती म्हणाली गॉलवेहून बोटीने इनिश मोर बेटावर जा. बार्बेडोससारखं नाही, पण बेट आहे. सासूबाईंना विचारलं. "तुमी म्हनशीला तसं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर आनंद दिसला नाही, पण त्या दाखवत नाहीत.

१४ मार्च, शनिवार
सहाला निघालो. गॉलवेला मुक्ताने आजीला तिचे बूट दिले. नऊवारी, त्यावर मेधाचा निळा रेनकोट, खाली मुक्ताचे हिरवे रबरी बूट. रोसाव्हीलच्या धक्क्यावर एका मुलीने विचारून त्यांचा फोटो काढला.

बोट चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. खूप हलत होती. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. प्रवासाचा आनंद घेत असाव्यात, म्हणून मी बोललो नाही.

राहायला नोरा नावाच्या बाईंचं घर. वय सत्तरच्या पुढे. ऑनलाइन बुकिंग करताना दोन माणसं लिहिलं, तर तिने डबल बेडची खोली तयार ठेवली होती. दारात आम्हाला बघून लगेच दुसरी किल्ली काढली. माझ्या खोलीत उशीवर चॉकलेट होतं.

दुपारी चालायला निघालो. वाऱ्यामुळे फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

१५ मार्च, रविवार
वादळ. बोटी बंद. नाश्ता झाल्यावर नोराने आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं. चुलाणात टर्फ जळत होतं, म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. शेणीसारखा वास, पण कमी.

नोराने मला विचारलं, ही तुमची आई का. मी म्हटलं, बायकोची आई. ती म्हणाली, तुम्ही सासूला सुट्टीवर आणलंत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि बायकोला सुट्टी मिळाली नाही का?

मी म्हटलं की ती नोव्हेंबरमध्ये वारली.

हे वाक्य मी याआधी कोणाला बोललो नव्हतो. ऑफिसला मुक्ताने कळवलं होतं, गल्लीत ब्रीडाने. बोलायला फार वेळ लागला नाही.

नोराने माझ्या हातावर हात ठेवला. मग सासूबाईंचे दोन्ही हात धरले, थोडा वेळ धरूनच ठेवले, आणि जाताना दार ओढून घेतलं.

सासूबाई म्हणाल्या, "काय सांगितलंसा त्यास्नी?"

"मेधा वारली, असं सांगितलं."

"आनि मला कवा सांगनार?"

मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे.

"मला संजीवनं सांगितलं. त्याला मुक्तानं. मुक्ता तवा घरी नव्हती. घरी तुमी व्हता."

मग मी सांगितलं. ते इथे लिहितो, एकदाच.

११ नोव्हेंबर, मंगळवार. मी वरच्या खोलीत कॉलवर होतो. अकराच्या सुमारास मेधा दारात आली आणि म्हणाली, डोकं फार दुखतंय, चहा करतोस का. मी कॅमेऱ्यात दिसत होतो, म्हणून बोललो नाही. हाताची पाच बोटं दाखवली, म्हणजे पाच मिनिटं. तिने मान हलवली आणि खाली गेली. कॉल लांबला. मी म्यूटवर होतो, मध्ये उठता आलं असतं. पंचवीस मिनिटांनी खाली गेलो. ती सोफ्यावर पडली होती. मला वाटलं झोप लागली, म्हणून आवाज न करता चहा केला. चहा घेऊन गेलो आणि हाक मारली. उठली नाही. शेजारून ब्रीडाला बोलावून आणलं. ब्रीडाने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, मला नंबर आठवला नाही. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस होती. डोक्यात रक्तस्राव. शुद्धीवर आली नाही. डॉक्टर म्हणाले पंचवीस मिनिटांनी फरक पडला नसता. ते मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पदर खाली आला होता, तो त्यांनी वर घेतला नाही.

"म्हंजी तिनं च्या मागितला."

"हो."

"आनि तुमी केला."

"उशिरा केला."

"आलं घातलंवतं?"

"हो. किसून."

"तिला किसूनच लागायचं," त्या म्हणाल्या. "ठेचल्यालं चालायचं न्हाई. ल्हानपनापासनं."

मग त्या रडल्या. मोठ्याने. वारा होता, तरी नोराला स्वयंपाकघरात ऐकू गेलं असेल. मी उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. काय करायचं ते मला समजलं नाही, म्हणून काही केलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. बराच वेळ. घड्याळाचा पट्टा रुतत होता, पण मी हात काढला नाही.

शांत झाल्यावर मी म्हटलं, "इथे आणून तुम्हाला त्रास दिला. पण तुम्हाला बेट बघायचं होतं."

"मला?" त्यांनी नाक पुसलं. "आवं, मला पान्याचं भ्या वाटतंया. काल बोटीत मी रामरक्षा म्हनत व्हते. तीन येळा झाली."

"मग बार्बेडोसला येईन असं का म्हणालात?"

"तुमीच म्हनलासा, एकटं कसं जानार."

"ते मी नाही म्हणायला म्हटलं होतं."

"मग न्हाई म्हनायचं व्हतं! एवढं शिकल्यालं मानूस." मग म्हणाल्या, "मला वाटलं, लांब गेल्याव तरी बोलशीला. घरात इचारलं की पाऊस सांगायचा. दोन म्हैनं मी पाऊस ऐकतीया."

मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही पावसाबद्दलच विचारताय.

"मेधा म्हनायची," त्या म्हणाल्या, "मानूस चांगला हाय, पन त्याला समदं लिहून द्यावं लागतं."

नोराने सूप आणि सोडा ब्रेड आणला. आम्ही एकाच टेबलावर जेवलो. त्यांनी ब्रेडला लोणी कमी आहे म्हणून माझ्याकडून मागून घेतलं.

१६ मार्च
दुपारी बोट सुटली. सासूबाईंनी पूर्ण वेळ माझा दंड धरला होता. रामरक्षा मोठ्याने म्हटली. शेजारच्या माणसाने मला विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं, प्रार्थना. तो म्हणाला, आमच्यासाठी पण म्हणायला सांगा.

१८ मार्च
बार्बेडोसचं बुकिंग रद्द केलं. कारणाच्या रकान्यात "पत्नीचे निधन, १३ नोव्हेंबर २०२५" असं इंग्रजीत लिहिलं. दाखला जोडला. संध्याकाळी रिसॉर्टच्या एका बाईंचं उत्तर आलं. सुरुवातीला फक्त "मिस्टर" आणि माझं नाव. मेधाच्या आधीच्या ईमेल्समुळे ती त्यांच्या लक्षात राहिली होती, असं लिहिलं होतं. कासवं कुठल्या बाजूला येतात असं तिने त्यांना तीनदा विचारलं होतं. मला हे माहीत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. "कासव," त्या म्हणाल्या. "तिला काय बी आवडायचं."

२६ मार्च
रोज दुपारी सासूबाई मेधाबद्दल एकेक गोष्ट विचारतात आणि मी सांगतो. ऑफिसला काय घालून जायची, बसने की गाडीने, रागावली की काय करायची. आज विचारलं, तुमच्यावर किती वेळा रागावली. मी म्हटलं मोजलं नाही. "अंदाज सांगा." मी म्हटलं वर्षाला चार-पाच वेळा. त्या म्हणाल्या, खोटं.

मग त्यांनी मला एकेक सांगितलं. मेधा नऊ वर्षांची असताना घरातून पळून स्टँडवर गेली होती आणि पुण्याच्या गाडीत बसली होती. कंडक्टरने परत आणलं. मला हेही माहीत नव्हतं.

३० मार्च, सोमवार
सासूबाई गेल्या. विमान वेळेवर. मुक्ता काल रात्रीच भेटून गेली होती. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला त्यांनी थांबायची खूण केली.

"जावईबापू, भाजनी प्रेसमदी वरच्या फळीवर ठिवलीया. फ्रिजमदी ठिवू नगा." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, ते त्या ब्रीडाकडून शिकल्या.

"बरं."

"फोन करत जावा. हवापान्याचं सांगू नगा."

"बरं."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि केस थोडे ओढले, लहान मुलाचे ओढतात तसे. मग त्या माणसाला म्हणाल्या, "चला." तो पोलिश असावा, पण त्याला समजलं.

अडीचला घरी आलो. काल इथे उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे गेली. फोन आणि लॅपटॉप आपोआप बदलले, ओव्हनचं घड्याळ राहिलं होतं. ते कसं लावायचं मला माहीत नव्हतं. ड्रॉवरमधून माहितीपुस्तिका काढली. चौदाव्या पानावर आहे. दोन बटणं एकदम दाबून तीन सेकंद धरायची, मग अधिकच्या चिन्हाने तास वाढवायचा. पहिल्यांदा टायमर सुरू झाला. दुसऱ्यांदाही. मग बसायला खुर्ची ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सव्वातीनला लागलं.